प्रकाशकीय तंतु-जालक संवेदक : जुन्नर व आंबेगाव परिसर

काचेच्या केसाएवढ्या बारीक तंतूच्या गाभ्यात ठराविक अंतराने प्रणमनांक [निर्वातातील प्रकाशवेग व माध्यमातील प्रकाशवेग यांचे गुणोत्तर, वक्रीभवनांक] किंचित कमी-अधिक करून तयार केलेल्या रचनेस तंतु-जालक म्हणतात. तंतूतून जाणाऱ्या पांढऱ्या किंवा रुंद पट्ट्याच्या प्रकाशातील एकच तरंगलांबी ही रचना वेगळी काढते. ती तरंगलांबी तंतूचे तापमान, त्यावरील ताण आणि काही प्रकारांत तंतूभोवतालच्या द्रवाचा प्रणमनांक यांनुसार बदलते. हा बदल मोजून मूळ राशी काढणाऱ्या साधनास तंतु-जालक संवेदक म्हणतात. अशा संवेदकांचा इतिहास कॅनडा, अमेरिका व यूरोप येथील प्रयोगशाळांत घडला. मात्र त्यामागील मूळ प्रश्न, म्हणजे काचेवरील तापमानाचा परिणाम आणि तो इतर परिणामांपासून वेगळा कसा करावा हा प्रश्न, पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत तीन निरनिराळ्या रूपांत आढळतो. खोडद येथील रेडिओ दूरदर्शक, ऊस व द्राक्षे यांच्या रसाची परीक्षा आणि सह्याद्रीच्या उतारांवरील भूमिपात ही ती तीन रूपे होत.

तत्त्व : सिलिकेच्या काचेचा प्रणमनांक सु. १.४५ असून तापमान एका अंशाने (सेल्सियस) वाढल्यास तो सु. एक लक्षांशाने वाढतो. काच प्रसरणही पावते, पण सिलिकेचे प्रसरण इतके अल्प असते, की एकूण परिणामातील त्याचा वाटा दहाव्या भागाहूनही कमी भरतो. म्हणजे तंतूला जाणवणारे तापमान हे मुख्यतः त्याच्या प्रणमनांकातून जाणवते. जालकातील लागोपाठच्या दोन रेघांमधील अंतर आणि प्रणमनांक यांच्या गुणाकाराची दुप्पट केली असता परावर्तित होणारी तरंगलांबी मिळते. स्फटिकातील अणूंच्या थरांवरून होणाऱ्या क्ष-किरणांच्या परावर्तनाविषयी डब्ल्यू. एल. ब्रॅग यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या नियमाचेच हे रूप असल्यामुळे अशा जालकास ब्रॅग जालक म्हणतात. १,५५० नॅनोमीटर [१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग] तरंगलांबीसाठी रेघांमधील अंतर सु. ५३५ नॅनोमीटर लागते, एक सेंमी. लांबीच्या जालकात अशा अठरा हजारांवर रेघा मावतात. तापमान १° से. वाढले असता ही तरंगलांबी सु. ०.०१ नॅनोमीटरने सरकते. तंतू आपल्या लांबीच्या एक दशलक्षांशाने ताणला गेला, तर ती सु. ०.००१२ नॅनोमीटरने सरकते. हे दोन आकडे पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहेत.

तंतूचे आगमन : काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते, हे नरिंदर सिंग कपानी व हॅरल्ड हॉपकिन्स यांनी लंडन येथे १९५४ मध्ये दाखविले. काच पुरेशी शुद्ध केल्यास तंतूतून दूरसंदेशवहन शक्य होईल, असे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये प्रतिपादिले आणि १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तशी काच तयार केली. भारतात स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशकीय तंतू योजना १९७९ मध्ये पुणे येथे कार्यान्वित झाली. जुन्नर तालुक्यात तंतू आला तो मात्र दूरध्वनीसाठी नव्हे, तर आकाशाच्या निरीक्षणासाठी.

डोंगरांच्या आडोशामुळे या खोऱ्यात रेडिओ तरंगांचा कृत्रिम गोंगाट कमी पोचतो. परदेशी दूरसंचारासाठी आर्वी येथे उभारलेले विक्रम उपग्रह भू-स्थानक याच तालुक्यातील होय. नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे मीटर तरंगलांबीचा महाकाय रेडिओ दूरदर्शक (जीएमआरटी) उभारण्याची कल्पना गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची. उटकमंड (ऊटी) येथील रेडिओ दूरदर्शकाची उभारणी त्यांनीच केली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्राने हे काम पार पाडले. प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे तीस आकाशक (अँटेना) त्यात असून चौदा मध्यवर्ती सु. एक किमी. लांबी-रुंदीच्या क्षेत्रात आणि उरलेले सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर पसरलेले आहेत. प्रत्येक भुजेची लांबी सु. १४ किमी. असून परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या आकाशकांमधील अंतर सु. २५ किमी. आहे. ४ ऑक्टोबर २००१ रोजी हा दूरदर्शक राष्ट्राला अर्पण करण्यात आला.

तीसही आकाशकांनी ग्रहण केलेले संकेत एकाच इमारतीत आणून जोडीजोडीने पडताळून पाहिले, तरच ते सर्व मिळून एका विशाल दूरदर्शकाचे कार्य करतात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात १९८० मध्ये पूर्ण झालेल्या अशाच दूरदर्शकात या कामासाठी जमिनीखाली पोकळ धातूच्या नळ्या, म्हणजे तरंगमार्गदर्शक, घातले होते. खोडद येथे त्याऐवजी प्रकाशकीय तंतू पुरण्यात आले. अर्धसंवाहक लेसरच्या १,३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर आकाशकातील संकेत स्वार करून मध्यवर्ती इमारतीकडे आणायचे आणि उलट दिशेने तेथील संदर्भ-कंप्रता [दर सेकंदास होणारी कंपनसंख्या] व आज्ञा आकाशकाकडे पाठवायच्या, अशी ती योजना होती. तांब्याच्या तारेपेक्षा तंतूत संकेत फार कमी क्षीण होतो, हे एक कारण. तंतू स्वतः रेडिओ तरंग बाहेर टाकत नाही व बाहेरचे घेत नाही, हे दुसरे आणि अशा स्थळी अधिक महत्त्वाचे. त्या काळी मोठ्या दूरदर्शकात तंतूचा असा वापर करणाऱ्या फारच थोड्या संस्था होत्या. अभियंत्यांचा हा निर्णय धाडसाचा म्हटला पाहिजे.

येथेच तापमानाचा प्रश्न उपस्थित झाला. सु. १४ किमी. लांबीच्या तंतूतून जाण्यास प्रकाशाला सु. सत्तर मायक्रोसेकंद लागतात. तंतूचे तापमान १° से. वाढले, तर प्रणमनांक वाढल्यामुळे या वेळात सु. अर्ध्या नॅनोसेकंदाची भर पडते. व्यवहारात हा काळ नगण्य असला, तरी हायड्रोजन वायूच्या १,४२० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या तरंगाचे एक पूर्ण आंदोलन सु. ०.७ नॅनोसेकंदातच होते. म्हणजे एका अंशाच्या फरकाने तरंगाची कला [आंदोलनातील त्या क्षणाची स्थिती] पाऊण आंदोलनाच्या जवळपास सरकू शकते. कला चुकली, की आकाशातील उद्‌गमाची प्रतिमा विस्कटते.

यावर योजलेले उपाय साधे पण सर्वांगीण आहेत. जमिनीत एक-दीड मी. खोलीवर दिवसरात्रीच्या तापमानातील फरक जवळजवळ पोचत नाही. तेथे उरतो तो ऋतूंनुसार सावकाश होणारा बदल. म्हणून तंतू पुरण्यातच निम्मे काम होते. आकाशकावर चढणारा उघडा भाग मात्र उन्हाने तापतो व रात्री निवतो. संदर्भ-संकेत आकाशकाकडे जाऊन परत आला, की त्याची कला तपासून मार्गातील बदल कळू शकतो. तशी सोय या रचनेत ठेवलेली आहे. शिवाय निरीक्षक अधूनमधून आकाशक एखाद्या ज्ञात, बिंदुरूप उद्‌गमाकडे वळवितात आणि त्यावरून राहिलेली चूक दुरुस्त करतात. पुढे २०१९ पर्यंत दूरदर्शकाचे व्यापक नूतनीकरण झाले. त्यात १,५५० नॅनोमीटरच्या आसपासच्या अनेक तरंगलांब्या एकाच तंतूतून पाठवून अधिक रुंद पट्ट्याचे संकेत आणण्याची व्यवस्था करण्यात आली. काच तीच राहिली आणि तिचा तापमानाला प्रतिसाद देण्याचा गुणही तसाच राहिला. खोडद येथील तंतू हा एका अर्थाने कित्येक किमी. लांबीचा तापमापकच होय. फक्त त्याने तापमान सांगू नये, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते.

जालकाचा शोध : जो गुण दूरसंदेशवहनात दोष ठरतो तोच मापनात उपयोगी पडतो, हे ओळखण्याची साधनसामग्री एका आकस्मिक निरीक्षणातून मिळाली. ओटावा येथील कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमध्ये केनेथ हिल व त्यांचे सहकारी १९७८ मध्ये जर्मेनियमयुक्त गाभ्याच्या तंतूतून आर्गॉन लेसरचा तीव्र निळा-हिरवा प्रकाश सोडत होते. काही मिनिटांत तंतूतून परत येणारा प्रकाश वाढत गेल्याचे त्यांना आढळले. पुढे जाणारा व टोकावरून परतणारा प्रकाश यांच्या व्यतिकरणाने तंतूत स्थिर तरंग निर्माण झाला होता आणि त्याच्या तेजस्वी भागांपाशी काचेचा प्रणमनांक कायमचा बदलला होता. प्रकाशाने काचेत स्वतःचा आरसा कोरला होता. ही पद्धत एकाच तरंगलांबीपुरती मर्यादित असल्याने सुमारे दशकभर या शोधाकडे फारसे कोणी वळले नाही. १९८९ मध्ये जेरल्ड मेल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २४४ नॅनोमीटरच्या जंबुपार प्रकाशाचे दोन झोत बाजूने तंतूवर पाडून हव्या त्या अंतराच्या रेघा कोरून दाखविल्या. १९९३ मध्ये कोरीव सिलिका पट्टीचा (कला-मुखवट्याचा) वापर सुरू झाला आणि जालके एकसारखी व मोठ्या संख्येने बनविता येऊ लागली.

ब्रॅग जालकातील प्रकाश गाभ्यातच राहतो. बाहेर पाणी आहे की तेल, याची त्याला जाणीव नसते. प्रणमनांक मोजण्यासाठी प्रकाश तंतूच्या कडेपर्यंत आणावा लागतो. बेल लॅबोरेटरीजमधील आशीष वेंगसरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वर्णन केलेल्या दीर्घावर्ती जालकात रेघांमधील अंतर शेकडो पटींनी मोठे, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून पुढे असते. असे जालक ठराविक तरंगलांब्यांचा प्रकाश गाभ्यातून काढून भोवतालच्या काचेच्या आवरणात ढकलते. आवरणाची बाहेरची कड परिसरातील द्रवाला लागून असल्यामुळे त्या द्रवाचा प्रणमनांक बदलला, की नाहीशा होणाऱ्या तरंगलांब्याही सरकतात. विक्रम भाटिया व वेंगसरकर यांनी त्याच वर्षी अशा जालकांचा संवेदक म्हणून उपयोग दाखविला. मात्र तापमानाचा परिणामही येथे अधिक मोठा, ब्रॅग जालकाच्या कित्येक पट असतो. एकाच तरंगलांबीच्या सरकण्यात दोन राशी मिसळून जातात.

रस, साखर आणि तापमान : या मिसळीचे व्यावहारिक महत्त्व जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांच्या पाण्यावर या भागात उसाची लागवड वाढली. जुन्नर तालुक्यातील विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने त्यावर चालतात. नारायणगाव परिसर द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध आहे. ऊस पक्व झाला की नाही, द्राक्षे उतरविण्याजोगी गोड झाली की नाही, हे ठरविण्यासाठी रसाचा ‘ब्रिक्स’ पाहतात. ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम द्रावणातील साखरेचे ग्रॅममधील प्रमाण होय. रसात इतर विद्राव्य पदार्थही असल्याने तेथे तो अंदाज ठरतो. हा आकडा हातात धरण्याच्या प्रणमनांकमापकाने (रिफ्रॅक्टोमीटरने) मिळतो. लोलकावर रसाचा थेंब ठेवून साधन उजेडाकडे धरले असता उजळ व काळोख्या भागांमधील सीमा मापपट्टीवर दिसते. जर्मनीतील येना येथे एर्न्स्ट आबे यांनी १८७४ मध्ये ज्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले त्याचेच हे खिशात मावणारे रूप आहे.

शुद्ध पाण्याचा प्रणमनांक २०° से. तापमानास १.३३३० असतो, तर शेकडा २० साखर असलेल्या द्रावणाचा १.३६३९. म्हणजे ब्रिक्सच्या एका अंशास प्रणमनांकात सु. ०.००१५ चा फरक पडतो. याउलट द्रावणाचे तापमान १० अंशांनी वाढले, तर प्रणमनांक सु. ०.००१ ने घटतो आणि ब्रिक्स सु. पाऊण अंशाने कमी दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी उन्हात तापलेल्या बागेत ३५° से. तापमानास घेतलेले माप, दुरुस्ती न केल्यास, एका अंशाहून अधिक चुकते. द्राक्षांच्या सौद्यात किंवा उसाची पक्वता ठरविताना ही चूक बागायतदाराच्या अंगावर येते. माल गोड असूनही तो कमी गोड ठरतो. आजच्या चांगल्या साधनांत तापमान-दुरुस्तीची सोय असते, पण ती ठराविक तापमान-कक्षेतच विश्वसनीय असते, हे पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही. सावलीत, सकाळी आणि साधन व रस दोन्ही सारख्या तापमानास आल्यावर माप घेणे, हा उपाय अद्यापही सर्वांत स्वस्त आहे.

कारखान्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. निर्वात पॅनमध्ये पाक आटवून साखरेचे स्फटिक बनविताना तापमान सु. ६५° ते ७०° से. असते. स्फटिक वाढावेत पण नवे बारीक कण पडू नयेत, यासाठी पाकाची घनता एका अरुंद मर्यादेत राखावी लागते. जुन्या काळी पॅनमन काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन बोटांनी ताणून पाहत असे व त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. येथे प्रणमनांक व तापमान एकाच जागी, एकाच क्षणी मोजणारा संवेदक असणे इष्ट आहे आणि तंतु-जालक संवेदक तत्त्वतः तेच करतो.

दोन राशी वेगळ्या करण्याचे मार्ग दोन आहेत. पहिल्यात दोन जालके, किंवा एकाच दीर्घावर्ती जालकातील दोन तरंगलांब्या, एकदम मोजतात. प्रत्येकीवरील प्रणमनांकाचा व तापमानाचा परिणाम आधी प्रयोगाने ठरविलेला असला, की दोन समीकरणे व दोन अज्ञाते यांचे गणित सुटते. कागदावर हे सोपे दिसते. पण दोन्ही परिणामांचे प्रमाण दोन्ही तरंगलांब्यांसाठी जवळजवळ सारखे असेल, तर मापनातील बारीकशी चूक उत्तरात अनेक पटींनी वाढते. प्रसिद्ध झालेल्या कित्येक रचनांत हा दुबळेपणा आहे. दुसरा मार्ग अधिक नेटका आहे. ब्रॅग जालकाच्या रेघा तंतूच्या अक्षाला काटकोनात न कोरता किंचित तिरप्या कोरल्या, तर प्रकाशाचा काही भाग आवरणात जातो व काही गाभ्यातच परावर्तित होतो. गाभ्यातील परावर्तन बाहेरच्या द्रवाची दखल घेत नाही. त्यावरून तापमान कळते. आवरणात गेलेल्या प्रकाशाच्या रेषा तापमानामुळे गाभ्याच्या रेषेबरोबरच सरकतात. प्रणमनांकामुळे मात्र त्या एकट्याच सरकतात. वजाबाकी केली, की प्रणमनांक उरतो. फ्रान्समध्ये २००१ मध्ये सुचविलेले हे तंत्र पुढे ओटावा येथीलच कार्लटन विद्यापीठात विकसित झाले.

असे असूनही साखर कारखान्यांत लोलकाच्या प्रणमनांकमापकाचेच स्थान कायम राहिले आहे. तंतूचे संरक्षक वेष्टन काढून काच उघडी केल्याखेरीज रसाशी तिचा संबंध येत नाही आणि उघडी काच ठिसूळ असते. उसाच्या रसातील मळ व पाकाचा थर तीवर बसला, की संवेदक रसाऐवजी त्या थराचा प्रणमनांक मोजू लागतो. शिवाय पाण्याच्या व पातळ रसाच्या प्रणमनांकाजवळ दीर्घावर्ती जालकाची संवेदनक्षमता कमी असते. बाहेरील द्रवाचा प्रणमनांक काचेच्या प्रणमनांकाजवळ, म्हणजे १.४५ च्या आसपास पोचतो, तेव्हा ती खूप वाढते. त्यामुळे दाट पाकासाठी ते जितके उपयुक्त ठरेल, तितके द्राक्षरसासाठी ठरणार नाही.

उतारांवरील मापन : आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या जलाशयापलीकडील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसात डोंगर खचून गाडले गेले. मृतांची संख्या दीडशेवर गेली. राज्य परिवहनाच्या गाडीचा चालक नेहमीच्या फेरीस आला, तेव्हा त्याला गाव जागेवर दिसले नाही आणि त्याच्याकडून बाहेर खबर पोचली. उतारावरील जमिनीचे सपाटीकरण, पडकईची शेती, पाण्याचा निचरा व कातळावरील कुजक्या मातीचा जाड थर अशा कारणांची पुढे पुष्कळ चर्चा झाली. डोंगर हलू लागल्याची खबर गावाला आधी देता आली असती का, हा प्रश्न त्यानंतर सह्याद्रीतील प्रत्येक पावसाळ्यात विचारला जातो.

खचणाऱ्या उतारांच्या निरीक्षणासाठी तंतु-जालकांचा उपयोग अनेक देशांत झाला आहे. उतारात खोल विंधन घेऊन त्यात नळी बसवितात आणि नळीच्या समोरासमोरील बाजूंना जालके चिकटवितात. मातीचा थर खालच्या कातळावरून सरकू लागला, की नळी वाकते. एका बाजूचा तंतू ताणला जातो व दुसरीकडचा दबतो. एका तंतूवर अनेक जालके निरनिराळ्या तरंगलांब्यांची ठेवता येत असल्याने कोणत्या खोलीवर हालचाल होत आहे, हेही कळते. येथे पुन्हा तापमान आड येते. वर दिलेल्या आकड्यांवरून १° से. तापमानवाढ ही सु. आठ दशलक्षांश ताणाएवढी भासते, हे दिसून येईल. पहिल्या पावसाने तापलेली जमीन झपाट्याने निवते आणि नेमक्या त्याच वेळी ताणाचे माप बिनचूक हवे असते. समोरासमोरच्या दोन जालकांच्या मापांची वजाबाकी केल्यास दोहोंवरील तापमानाचा सारखा परिणाम निघून जातो व वाकणे तेवढे उरते. प्रत्येक संवेदकाशेजारी ताणमुक्त असे एक जालक केवळ तापमानासाठी ठेवण्याचीही पद्धत आहे. रामन परिणामावर (१९२८) आधारलेल्या वेगळ्या तंत्रात जालकाशिवायच तंतूच्या संपूर्ण लांबीवरील तापमान मिळते. धरणाच्या भिंतीतून झिरपणारे पाणी त्यावरून ओळखता येते.

अशा साधनांविषयी अवास्तव अपेक्षा बाळगणे योग्य नव्हे. जालक ज्या उतारात पुरले आहे त्याचीच स्थिती सांगते. शेजारच्या डोंगराविषयी ते काहीही सांगू शकत नाही. कोणता उतार निवडावा, हे भूवैज्ञानिकाने नकाशा व प्रत्यक्ष पाहणी यांवरून ठरवावे लागते. शिवाय माळीणसारखा पातळ, पाण्याने भिजलेला थर अचानक सुटतो, तेव्हा हालचाल सुरू होणे व डोंगर खाली येणे यांत फार वेळ जात नाही. ताणाच्या मापाबरोबर पावसाचे व जमिनीतील पाण्याच्या दाबाचे माप जोडले, तरच इशाऱ्याला पुरेसा अवधी मिळतो.

ब्रॅग जालके बनविण्याचे तंत्र भारतात कोलकाता येथील केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था, इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी आत्मसात केले आहे. जालक स्वतः महाग नाही. महाग असते ते नॅनोमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत तरंगलांबी वाचणारे उपकरण आणि त्यास सतत वीज लागते. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात संततधार सुरू झाली, की पहिल्यांदा वीजच जाते. म्हणून उतारावर काचेचा तंतू व वाचक उपकरण दूर, पक्क्या इमारतीत, अशी रचना करावी लागते. तंतूत प्रकाशाची हानी अल्प असल्याने दहा-वीस किमी. अंतरावरूनही असे वाचन करता येते. खोडदच्या आकाशकांपासून मध्यवर्ती इमारतीपर्यंतचे अंतरही साधारणपणे याच मर्यादेत येते.